विमानवाहू नौकेचा डेक तिरका का, आणि ९ अंशच का?

प्रश्न असा आहे: विमानवाहू नौकेवर विमान उतरायची पट्टी डावीकडे तिरकी का काढतात? सरळ ठेवली असती तर नौकेची पूर्ण लांबी वापरता आली नसती का? आणि तिरकीच करायची तर ९ अंशांवर का थांबायचं, १५ का नाही?

पहिला गैरसमज आधी दूर करू. तिरक्या डेकमुळे लांबी वाढत नाही, कमी होते. अमेरिकेच्या निमित्झ वर्गातल्या नौकेचा डेक सुमारे ३३३ मीटर लांब आहे आणि त्यावरची तिरकी पट्टी साधारण २४० मीटर. ही नव्वदेक मीटर लांबी सोडून मिळालं काय, तर पट्टीच्या पुढच्या टोकाला मोकळा समुद्र. विमान थांबतं ते शेपटीखालचा हुक डेकवर आडव्या ताणलेल्या तारेत अडकून. त्या हुकाला तार सापडली नाही तरी समोर धडकायला काही नाही. वैमानिक तसाच पुढे उडून जातो, एक फेरी मारतो आणि पुन्हा येतो. या चुकलेल्या उतरण्याला ‘बोल्टर’ म्हणतात. तिरक्या डेकच्या रचनेतलं जवळपास सगळं बोल्टर सुरक्षित व्हावा या एका गरजेतून आलेलं आहे.

सरळ डेकवर काय होत होतं ते पाहिलं की हे नीट समजतं. दुसऱ्या महायुद्धातल्या नौकांवर विमानं मागून येऊन उतरायची आणि उतरलेली विमानं पुढच्या भागात, म्हणजे नाळेकडे, उभी केली जायची. मागच्या भागात दहा-पंधरा आडव्या तारा, त्यांच्यापुढे पोलादी दोरांचे उभे अडथळे, म्हणजे बॅरियर, आणि त्यामागे इंधन भरलेली विमानं आणि त्यांच्यावर काम करणारी माणसं. तार चुकली तर बॅरियर, बॅरियरवरून उडी गेली तर थेट गर्दीत. नावाला डेक लांब होता, पण उतरायला वापरता यायचा तो मागचा निम्माच.

पंख्याच्या विमानांना हे कसंबसं चालत होतं. ती सावकाश यायची, डेकवरचा अधिकारी हातातल्या फळ्यांनी ‘कट’ची खूण करायचा, वैमानिक इंजिनाचा जोर एकदम काढायचा आणि विमान जागच्या जागी बसायचं. जेट आल्यावर गणित बिघडलं. उतरण्याचा वेग वाढला, वजन वाढलं, आणि बॅरियरच्या दोरात अडकायला पुढे पंखाच उरला नाही. १६ सप्टेंबर १९५१ रोजी कोरियाच्या युद्धात यूएसएस एसेक्सवर नुकसान झालेलं एक बॅन्शी जेट उतरताना पुढे उभ्या असलेल्या विमानांवर जाऊन आदळलं. स्फोट झाला, आग लागली, सात जण गेले. या अपघाताचं कारण वैमानिकाच्या कौशल्यात शोधणं मला अन्यायाचं वाटतं. त्या डेकवर चुकीला जागाच ठेवलेली नव्हती.

यावरचा उपाय योगायोगाने त्याच्या महिनाभर आधीच ब्रिटनमध्ये कागदावर आला होता. तिथे तेव्हा वेगळ्याच कल्पनेवर खल चालू होता: चाकं नसलेली विमानं रबरी गादीसारख्या डेकवर पोटावर उतरवायची. १९४८ मध्ये एचएमएस वॉरियरवर तिची चाचणीही झाली होती. पण चाकं नसलेलं विमान उतरल्यावर पटकन बाजूला हलवायचं कसं, आणि पुढे उभ्या असलेल्यांना वाचवायचं कसं? ऑगस्ट १९५१ मधल्या बैठकीत रॉयल नेव्हीचे कॅप्टन डेनिस कॅम्बेल यांनी उतरायची रेषाच नौकेच्या रेषेपासून १० अंश फिरवायचं सुचवलं. रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटचे लुईस बॉडिंग्टन यांनी त्यातलं महत्त्व ओळखून ती कल्पना तांत्रिक बाजूने उभी केली. रबरी गादी मागे पडली, तिरकी रेषा राहिली.

पहिली चाचणी अगदी स्वस्तात झाली. फेब्रुवारी १९५२ मध्ये एचएमएस ट्रायम्फच्या डेकवर नुसते रंगाचे पट्टे तिरके मारले. तारा होत्या तशाच सरळ रेषेला आडव्या होत्या, त्यामुळे विमानं फक्त चाकं टेकवून उडून जात होती. तेवढ्यावरूनही कळायचं ते कळलं. डाव्या बाजूला डेक बाहेर वाढवून तारा तिरक्या रेषेला काटकोनात बसवण्याचं खरं काम अमेरिकेने यूएसएस अँटिएटमवर केलं. ते डिसेंबर १९५२ मध्ये पूर्ण झालं आणि जानेवारी १९५३ पासून त्यावर चाचण्या सुरू झाल्या. १९५५ मध्ये सेवेत आलेल्या ब्रिटनच्या आर्क रॉयलवर साडेपाच अंशांचा डेक होता. त्याच वर्षीची अमेरिकेची फॉरेस्टल मुळात सरळ डेकची ठरली होती, पण बांधणी चालू असतानाच तिचा आराखडा बदलला.

डेक फिरल्यावर उतरण्याची रीतच उलटी झाली. आता चाकं टेकताक्षणी वैमानिक इंजिन पूर्ण ताकदीवर नेतो. नवख्याला हे विचित्र वाटतं, थांबायचं असताना जोर कशाला? आकडे पाहा. विमान हवेतून १३५ नॉटने येतंय आणि डेकवर समोरून २५ नॉटचा वारा आहे, म्हणजे डेकच्या सापेक्ष वेग ११० नॉट, सेकंदाला सुमारे ५७ मीटर. चाकं टेकतात तिथून तिरक्या पट्टीचं टोक दीडशे-पावणेदोनशे मीटरवर असतं. म्हणजे हाताशी जेमतेम तीन सेकंद. हुक चुकल्याचं कळल्यावर जोर द्यायला गेलात तर जेट इंजिन तेवढ्या वेळात मंद गतीवरून पूर्ण ताकदीला पोहोचत नाही. म्हणून आधी जोर द्यायचा. तार सापडली तर तीच विमानाला थांबवते, इंजिन ओरडत असलं तरी. थांबल्यावर डेकवरच्या पिवळ्या जर्सीवाल्याने खूण केल्याशिवाय जोर कमी करायचा नाही, कारण तार तुटलीच तर तोच जोर वाचवतो.

चूक परवडू लागली तशा तारांची गरजही कमी झाली. दहा-पंधरावरून चारवर, आणि रोनाल्ड रेगन व तिच्या नंतरच्या अमेरिकी नौकांवर तीनवर. बॅरियर पूर्ण गेला नाही. नायलॉनच्या पट्ट्यांची जाळी आजही असते, पण हुक किंवा चाक निकामी झालेल्या आणि परत उडून जाऊ न शकणाऱ्या विमानासाठीच ती उभी करतात.

आता कोनाकडे येऊ. कोन जितका मोठा तितकी पुढची जागा विमानं उभी करायला मोकळी, आणि उतरणाऱ्या विमानाचं पंखाचं टोक त्यांच्यापासून तितकं दूर. मग वाढवायचा का नाही? पहिली अडचण साध्या त्रिकोणाची. २४० मीटरची पट्टी ९ अंशांनी फिरवली की तिचं पुढचं टोक ३७ मीटर डावीकडे सरकतं. त्यासाठी डावीकडचा डेक समुद्रावर लोंबकळत धरावा लागतो, खाली पोलादी आधार लागतात, भर समुद्रात लाटांचे तडाखे त्या पोटाला बसतात आणि डावीकडच्या वजनाचा तोल उजवीकडच्या आयलंडने, म्हणजे डेकवरच्या उंच बांधकामाने, सावरावा लागतो. १५ अंशांना हेच अंतर ६२ मीटर होतं. म्हणून छोट्या ब्रिटिश नौकांनी साडेपाच-साडेसहा अंशांवर भागवलं, फ्रान्सच्या शार्ल द गोलवर साडेआठ अंश आहेत आणि निमित्झवर ९.

लांबी कमी पडली तर काय होतं याचं उदाहरण शार्ल द गोलच आहे. हॉकआय हे मोठं टेहळणी विमान तिथे सुरक्षितपणे उतरवून फिरवायला पट्टी अपुरी ठरली आणि सेवेत येण्याआधीच ती ४.४ मीटरने वाढवावी लागली. एवढ्या प्रचंड नौकेत साडेचार मीटर म्हणजे काय, असं वाटतं. पण तार ओढली जाऊन विमान थांबायला सुमारे शंभर मीटर लागतात, त्यानंतर वळून पट्टीबाहेर जायला जागा लागते, आणि शेवटची तार चुकलेल्याला उडून जायलाही. हे तिन्ही पट्टीत बसलं नाही तर ओढाताण होणारच.

कोन मोठा न करण्याचं दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं आणि बहुतेक चर्चांत ते सुटतं. नौका सरळ पुढे जाते, पट्टी तिरकी आहे. म्हणजे पाठीमागून येणाऱ्या वैमानिकाला पट्टीची मध्यरेषा सतत उजवीकडे सरकताना दिसते. वारा पडलेला आहे आणि नौका २५ नॉटने चालली आहे असं धरा. ९ अंशांना हे सरकणं सेकंदाला २ मीटर भरतं. शेवटच्या सरळ टप्प्यात विमान साधारण १५ ते १८ सेकंद असतं. त्याच्या सुरुवातीला दिसलेल्या मध्यरेषेवर नेम धरून वैमानिक नाकासमोर येत राहिला, तर डेकवर पोहोचेपर्यंत तो तीस मीटर डावीकडे गेलेला असेल, म्हणजे पट्टीच्या बाहेरच. १५ अंशांना हेच सरकणं सेकंदाला ३.३ मीटर झालं असतं. म्हणून शिकाऊ वैमानिकाला सांगतात की नजर पट्टीच्या मध्यावर नको, ती पुढच्या डेकला जिथे मिळते त्या उजव्या कोपऱ्याकडे ठेव, आणि उजवीकडे बारीक बारीक दुरुस्त्या करत राहा. एक मोठी दुरुस्ती शेवटच्या क्षणी केली तर एक पंख खाली, तिरकं टेकणं, आणि तार मध्यापासून दूर पकडली जाणं. तसं झालं की दोन बाजूंची खेच असमान होते आणि विमान फेकलं जातं.

ही अडचण नौकेच्या कप्तानाला बरीचशी मिटवता येते, ती वाऱ्याच्या मदतीने. डेकवर जाणवणारा वारा नौकेच्या नाकावरून न येता डावीकडून ९ अंशांवरून, म्हणजे पट्टीच्या रेषेत यायला हवा. तसं झालं की हवेच्या सापेक्ष डेक नेमका पट्टीच्याच दिशेने सरकतो आणि मध्यरेषेचं पळणं थांबतं. आडवा वारा आणि पळती मध्यरेषा या दोन वेगळ्या तक्रारी नाहीत, एकच आहे. पट्टीच्या रेषेत २५ नॉट हवे असतील तर हिशेब असा: समुद्रावर १५ नॉटचा वारा असेल तर तो डाव्या नाकावरून १५ अंशांवर घ्या आणि नौका १० नॉटने चालवा. वारा ५ नॉटच असेल तर तो डावीकडे ५० अंशांवर घ्यावा लागतो आणि नौकेचा वेग २२ नॉटच्या जवळ न्यावा लागतो. वारा शून्य असेल तर काहीच करता येत नाही. सगळा वारा नौकेने स्वतः निर्माण केलेला, तो नाकावरूनच येणार. म्हणून विमानवाहू नौकेवर शांत, निवांत समुद्र हा उतरायला सोपा दिवस नसतो.

वारा डावीकडून हवा असण्याला आणखी एक कारण आहे, आयलंडचा भोवरा. उजवीकडच्या उंच बांधकामाला आपटून वारा मागे गढूळ होतो. तिरकी रेषा मागे वाढवली तर ती नौकेच्या उजव्या मागच्या बाजूला जाते, म्हणजे वारा नाकावरून असेल तर विमान नेमकं त्या गढूळ हवेतून येतं. शेवटच्या क्षणी विमान अचानक खाली बसतं ते बऱ्याचदा इथे. वारा पट्टीच्या रेषेत आला की भोवरा पट्टीला समांतर, तिच्या उजवीकडून निघून जातो. वारा उजवीकडून आला तर तोच भोवरा थेट विमानाच्या वाटेवर येतो.

उंचीचा हिशेबही किती काटेकोर असतो पाहा. विमान डेकच्या सापेक्ष साडेतीन अंशांच्या उतारावर येतं, सेकंदाला साडेतीन मीटर खाली. डेकच्या मागच्या कडेवरून हुक जातो तो सव्वाचार मीटर उंचीवरून, आणि कडेपासून ७० मीटरवर टेकतो. दोन तारांत अंतर सुमारे १२ मीटर. म्हणजे विमान उतारापेक्षा फक्त ७३ सेंटिमीटर वर किंवा खाली असलं की तार बदलते. कमरेएवढी उंची चुकली की दुसरी तार, डोक्याएवढी चुकली की बोल्टर. हे डोळ्यांनी जमणं अशक्य, म्हणून डाव्या कडेला दिव्यांची यंत्रणा असते. तिचं मूळ रूप रॉयल नेव्हीच्या निकोलस गुडहार्ट यांचा आरसा. मधला दिवा बाजूच्या हिरव्या रांगेत दिसला तर उंची बरोबर. रात्री मध्यरेषेसाठी मागच्या कडेवरून खाली दिव्यांची उभी रांग सोडलेली असते. डेकवरची मध्यरेषा आणि ही रांग मिळून एक सरळ काठी दिसली तर विमान रेषेत आहे. काठी कडेपाशी मोडून वरचा भाग डावीकडे कलला तर विमान डावीकडे, उजवीकडे कलला तर उजवीकडे. याहून साधी आणि चांगली खूण या क्षेत्रात दुसरी नाही.

डोलण्याचाही एक बारकावा आहे. पट्टी नौकेच्या रेषेत नसल्यामुळे नौका आडवी डोलली की पट्टीचा पुढचा भाग आणि मागचा भाग वेगवेगळे वरखाली होतात. म्हणून दिव्यांची यंत्रणा नौकेच्या रेषेवर नव्हे, पट्टीच्या रेषेवर स्थिर ठेवावी लागते.

तारेची दोन्ही टोकं डेकखालच्या यंत्राला जोडलेली असतात आणि तिथे प्रत्येक विमानाच्या वजनाप्रमाणे जोर लावावा लागतो. वजन प्रत्यक्षापेक्षा कमी लावलं तर विमान टोकापर्यंत थांबत नाही. जास्त लावलं तर हुक उखडू शकतो. म्हणून येणारं विमान कोणतं आणि किती वजनाचं, हे दर वेळी एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने पडताळायचं. मार्च २०१६ मध्ये यूएसएस आयझेनहॉवरवर हॉकआय उतरत असताना अटकाव यंत्रणेने ते धरलं नाही आणि तार तुटली. डेकवरचे आठ जण जखमी झाले. विमान पट्टीच्या टोकावरून खाली गेलं, पाण्याच्या जवळ पोहोचलं आणि तिथून वर चढून गेलं. पुढे मोकळा समुद्र होता आणि इंजिनं पूर्ण जोरावर होती, म्हणून ते शक्य झालं. सरळ डेकवर तेच विमान उभ्या विमानांच्या रांगेत शिरलं असतं.

पट्टी तिरकी केली की विमानं खालून डेकवर आणणाऱ्या लिफ्टची जागाही बदलावी लागते. फॉरेस्टलची डावी लिफ्ट तिरक्या पट्टीच्या पुढच्या टोकाला होती. विमानं उतरत असताना ती वापरताच येत नव्हती. पुढच्या किटी हॉक वर्गात ती पट्टीच्या मागच्या टोकाकडे नेली आणि तिढा सुटला. ‘उतरणं आणि उडणं एकाच वेळी’ हा तिरक्या डेकचा फायदा म्हणून सांगतात, तो पुढच्या दोन कॅटपल्टपुरताच, म्हणजे विमानाला ढकलून उडवणाऱ्या यंत्रांपुरताच, खरा. नौकेच्या मध्याजवळचे दोन कॅटपल्ट उतरायच्या पट्टीतच येतात. पट्टीच्या बाजूला लाल-पांढरी रेषा असते. एखाद्या विमानाचं नाक किंवा शेपटी तिच्या आत आली, कुणाचं पाऊल आत पडलं, तरी डेक ‘फाउल’ आणि मागून येणाऱ्याला परत फिरवायचं.

आपल्याकडे हे सगळे प्रकार होऊन गेले आहेत. पहिली विक्रांत मूळची महायुद्धातली सरळ डेकची ब्रिटिश नौका हर्क्युलिस. भारताने १९५७ मध्ये अर्धवट अवस्थेत घेतल्यावर बेलफास्टला तिला तिरका डेक, वाफेवरचा कॅटपल्ट आणि उतरताना उंची दाखवणारा आरसा बसवला. १८ मे १९६१ रोजी तिच्यावर पहिलं जेट उतरवलं ते लेफ्टनंट राधाकृष्ण ताहिलियानी यांनी, जे पुढे नौदलप्रमुख झाले. मुंबईत संग्रहालय असताना ज्यांनी ती पाहिली त्यांना स्की-जंप, म्हणजे नाळेवरचा वर वळलेला उतार, आठवत असेल, पण ती नंतर बसवलेली. विराटवरही तिरका डेक होता, साडेसहा अंशांचा, ती ब्रिटिश नौदलात हर्मिस असतानाचा. आपली सी हॅरियर विमानं सरळ खाली उतरत असल्याने त्याचा तारांसाठी कधी उपयोग झाला नाही. बोल्टर नाही तर तिरक्या पट्टीची गरज नाही. याच कारणाने ज्या देशाने ही कल्पना दिली त्या ब्रिटनच्या आजच्या क्वीन एलिझाबेथ वर्गावर तिरका डेक नाही.

विक्रमादित्यचं उलट. मुळात रशियाची गोर्शकोव्ह असताना तिच्या पुढच्या डेकवर क्षेपणास्त्रं आणि तोफा होत्या, म्हणून डेक बाजूला तिरका काढलेला होता. ती काढून तिथे स्की-जंप आली आणि मागे तीन तारा बसल्या. तिच्यावर आणि २०२२ मध्ये सेवेत आलेल्या नव्या विक्रांतवर लांब धावेचं उड्डाण उतरायच्या पट्टीतूनच सुरू होतं, त्यामुळे ते चालू असताना उतरणं थांबतं. एकामागून एक उड्डाणं आणि मग एकामागून एक उतरणं, अशीच आखणी करावी लागते.

याची तयारी गोव्यात दाबोळीला आयएनएस हंसावर होते. तिथे जमिनीवर स्की-जंप आणि तारा बांधलेल्या आहेत. एलसीए नेव्ही, म्हणजे तेजसचं नौदलासाठीचं रूप, तिथे सप्टेंबर २०१९ मध्ये पहिल्यांदा तार पकडून थांबलं, आणि ११ जानेवारी २०२० रोजी कमोडोर जयदीप मावळणकर यांनी ते विक्रमादित्यवर उतरवलं. हुक, खाली येण्याचा वेग, दिव्यांवरची नजर, टेकताक्षणी पूर्ण जोर हे सगळं हंसावर पक्कं करता येतं. पळती मध्यरेषा आणि आयलंडमागची गढूळ हवा मात्र जमिनीवर नसते. त्या दोन गोष्टी वैमानिकाला पहिल्यांदा भेटतात त्या समुद्रावरच.